‘एकदा शिकलं की झालं’ असं काम कुठलं?

बारावीचा निकाल लागला त्याच्या पुढच्या रविवारी भाचा घरी आला. ताई ठाण्यात चरईला राहते, मी नौपाड्यात. चालत पंधरा मिनिटं. चहाचा कप हातात घेऊन तो बसला आणि म्हणाला, "मामा, असं एखादं फील्ड सांग ना, की एकदा शिकलं की झालं. पुन्हा पुस्तक उघडायला नको."

हा प्रश्न आळसातून आलेला नव्हता. तो घरात रोज काय बघतो ते मला ठाऊक आहे. त्याची आई बावीस वर्षं ठाणे कोर्टात वकिली करते आणि नवे फौजदारी कायदे आल्यापासून जेवणं आटोपली की परीक्षेला बसल्यासारखी कलमं घोकते. त्याचे बाबा ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. शनिवार उजाडला की त्यांचा कुठला तरी ऑनलाइन कोर्स सुरू. दोघंही जीव ओतून काम करणारी आणि दोघंही दमलेली. मुलाला वाटणारच, की एखादी सुखाची वाट असेल तर आधीच विचारून घ्यावी.

मी महापेच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात काम करतो. माणसं नवीन गोष्ट कशी शिकतात आणि जुनी कशी सोडत नाहीत, हे बघण्यात माझी सतरा वर्षं गेली. त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सध्या अनेक घरांत हाच विषय चालू असणार.

साधारणपणे लोक एकच माप लावतात: त्या क्षेत्रात दरवर्षी नवीन किती येतं? त्या मापाने सॉफ्टवेअर सगळ्यांत वर, मग डॉक्टरकी, मग कायदा आणि कर. बांधकाम, शिकवणं, गॅरेज वगैरे पार खाली. या मापाला एक शास्त्रीय नावही आहे. फ्रिट्झ मॅकलप नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये ‘ज्ञानाचं अर्धायुष्य’ ही कल्पना मांडली. किरणोत्सारी पदार्थ ठरावीक काळात निम्मा होतो, हे आपण शाळेत शिकलो. तसंच एखाद्या विषयातलं निम्मं ज्ञान कालबाह्य व्हायला जितकी वर्षं लागतात, ते त्या विषयाचं अर्धायुष्य.

२००२ साली फ्रान्समधल्या काही डॉक्टरांनी हे प्रत्यक्ष मोजून बघितलं. सिरॉसिस आणि हिपॅटायटिस या यकृताच्या आजारांवरचे मागच्या पन्नासेक वर्षांतले ४७४ निष्कर्ष त्यांनी घेतले आणि ताज्या ज्ञानावर घासून पाहिले. २८५ अजूनही खरे निघाले, ९१ कालबाह्य झाले होते आणि ९८ चुकीचे ठरले होते. हिशोब केल्यावर अर्धायुष्य आलं ४५ वर्षं.

पंचेचाळीस वर्षं म्हणजे एका डॉक्टरची अख्खी प्रॅक्टिस. आकडा ऐकून वाटतं, मग घाई कसली? पण त्या ४७४ निष्कर्षांपैकी कुठले मोडीत निघणार आहेत, हे शिकताना कुणालाच दिसत नव्हतं. सगळे एकाच पुस्तकात, एकाच टायपात छापलेले. इथेच मला ते माप अपुरं वाटायला लागलं. किती बदलतं यापेक्षा बदललंय हे कळतं कसं, डोक्यातलं जुनं किती खोडावं लागतं आणि शिकायचा वेळ व पैसा कुणाच्या खिशातून जातो, या गोष्टी माणसाला जास्त दमवतात. हे लक्षात घेतलं की व्यवसायांची उतरंड वेगळीच लागते.

ताईपासूनच सुरुवात करतो. १ जुलै २०२४ ला तीन कायदे एकदम बदलले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. मजकुराचा बराच भाग तोच आहे. खुनाची व्याख्या काही एका रात्रीत बदलली नाही. बदलले ते आकडे. आणि कोर्ट नाक्यावरचं अख्खं जग आकड्यांत बोलतं.

ताईच्या टेबलाच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आहे. ‘तीनशे दोन’ म्हणजे खून, हे वकिलालाच काय, रिक्षावाल्यालाही माहीत होतं. आता खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये गेली. एवढ्यावर थांबलं असतं तर सोपं होतं, पण नव्या संहितेतही ३०२ आहे आणि ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचं कलम आहे. ३०४ म्हणजे पूर्वी सदोष मनुष्यवधाची शिक्षा. आता ३०४ म्हणजे गळ्यातली चेन हिसकावून नेणं. आणि चारशेवीस? नव्या संहितेत कलमंच ३५८ आहेत, म्हणजे तो आकडाच उरला नाही. फसवणूक ३१८ मध्ये गेली.

आता हे का छळतं ते बघा. घरात साखरेचा डबा वर्षानुवर्षं वरच्या फळीवर असतो. एक दिवस तो खालच्या फळीवर ठेवला आणि वर त्याच आकाराच्या डब्यात मीठ भरलं. नव्याने घरात आलेल्या माणसाला काहीच त्रास नाही. तो विचारेल आणि खालून साखर घेईल. ज्या हाताने वीस वर्षं वरून साखर घेतली, तो हात मात्र मिठात जाणार. नवीन शिकणं ही एक मेहनत आणि जुनं आड येऊ न देणं ही दुसरी. दुसरीची मोजदाद कुणी करत नाही. ताईची ज्युनिअर मुलगी कॉलेजातच नवी संहिता शिकून आली, तिला १०३ पटकन आठवतं. बावीस वर्षांचा अनुभव इथे काही काळ ताईच्या विरुद्ध काम करतो.

त्यात जुनं पुसूनही चालत नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा जुन्याच दंड संहितेखाली चालतो आणि आपल्याकडे खटले किती वर्षं चालतात हे सांगायला नको. सकाळी अकराला ताई ज्या केसला उभी राहते ती जुन्या कलमांची, साडेबाराची नव्या. उलट ज्युनिअरलाच आता मागे जाऊन जुना कायदा शिकावा लागतोय.

तरीही कायद्याच्या व्यवसायात एक मोठी दया आहे: तारीख. बदल राजपत्रात छापून येतो, अमुक दिवसापासून लागू असं स्पष्ट लिहून येतो. सगळ्या वकिलांना, न्यायाधीशांना, पोलिसांना तो एकाच दिवशी लागू होतो. समोरचा वकीलही तुमच्याइतकाच चाचपडत असतो आणि चुकीचं कलम बोललात तर भर कोर्टात लगेच कुणीतरी सुधारतो. त्या क्षणी लाज वाटते, पण चूक घरी येत नाही.

सीएंचंही तसंच, फक्त वेग जास्त. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, त्याचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या प्रमाणात बदलले. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्याने घेतली. ५३६ कलमं, आणि घराघरांत तोंडपाठ असलेलं ८०सी आता १२३. मागच्या वर्षांची प्रकरणं मात्र जुन्या कायद्याखालीच चालणार. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएला तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण नोंदवावं लागतं, पण खरा मास्तर म्हणजे पोर्टल. चुकीचं भरलं की ते पुढे सरकू देत नाही किंवा काही महिन्यांनी नोटीस येते. कष्ट भरपूर, अंधार कमी.

सॉफ्टवेअरबद्दल सगळ्यांनाच धास्ती असते. भाच्याच्या बाबांचा, म्हणजे माझ्या मेहुण्यांचा अनुभव ऐका. २०१० साली आलेल्या अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यावर, त्यांनी तीन वर्षं घालवली. २०१६ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली ती मुळापासून नव्याने लिहिलेली. जुना कोड तिच्यात तसाच्या तसा चालेना. २०२१ संपताना जुन्याचा अधिकृत आधार थांबला. तीन वर्षांची हातोटी गेली. २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर कोड लिहिण्याची पद्धतच हलली आहे. ठाण्याहून ऐरोलीची लोकल पकडली की अर्ध्या डब्याच्या मोबाईलवर कुठला ना कुठला ट्युटोरियल चालू दिसतो.

पण याच मेहुण्यांना मी विचारलं, कामाचा पाया काय? ते म्हणाले, "एसक्यूएल. ते कॉलेजात शिकलो, आजही रोज लिहितो." डेटाबेसमधून माहिती मागायची ही भाषा १९७० च्या दशकातली आहे. इंटरनेटवर दोन संगणक एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात ते १९८३ पासून वापरात आहेत. म्हणजे या व्यवसायाला दोन थर आहेत: खालचा अगदी हळू सरकणारा, वरचा सतत उकळणारा. बातम्या सगळ्या वरच्या थराच्या येतात, म्हणून बाहेरून सगळंच उकळतंय असं दिसतं. ज्याचा खालचा थर पक्का आहे, त्याला वरचं नवं काही महिन्यांत जमतं. नुसत्या वरच्या थरावर उभा असलेला दर वेळी पहिल्यापासून शिकतो. कॉलेज निवडताना मुलांनी हे विचारावं असं मला मनापासून वाटतं: इथे पाया शिकवतात, की यंदा नोकरीच्या जाहिरातीत असलेलं नाव?

दुसरं, संगणक लगेच सांगतो. चुकलं की प्रोग्रॅम चालतच नाही, लाल अक्षरांत ओळ क्रमांकासकट तक्रार येते. पायथॉन भाषेची तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरमध्ये आली आणि दुसरीचा आधार थांबला तो थेट १ जानेवारी २०२० ला. अकरा वर्षांची नोटीस! इतकी सवलत क्वचितच कुठल्या धंद्यात मिळते. याला अपवाद सुरक्षेचा. लॉगफोरजे या जावा भाषेतल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या तयार घटकात २०१३ पासून एक भगदाड होतं, ते उघड झालं डिसेंबर २०२१ मध्ये. आठ वर्षं सगळं व्यवस्थित चालत होतं, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. ‘व्यवस्थित चालतंय’ हीच अडचण असते अशी जागा म्हणजे वैद्यक, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत अवघड व्यवसाय आहे.

आमच्या फॅमिली डॉक्टरांशी मी यावर बोललो. ते म्हणाले, "सर्दीला अँटिबायोटिक दिलं तरी पेशंट आठवड्यात बरा होतो, नाही दिलं तरी आठवड्यात. पण ज्याने दिलं त्याला वाटतं, गोळी लागू पडली. पेशंटलाही तसंच वाटतं. मग पुढच्या वेळी दोघंही तेच करतात." शरीर बहुतेक वेळा आपलं आपणच सावरतं. त्यामुळे डॉक्टरच्या चुकीला लाल अक्षरातली तक्रार येत नाही, उलट पेढे येतात.

यातलं सगळ्यांत अस्वस्थ करणारं उदाहरण हार्ट अटॅकच्या औषधांचं आहे. १९८० च्या दशकात अशी पद्धत होती: अटॅक येऊन गेलेल्या पेशंटच्या हृदयात अवेळी, जादा ठोके दिसले की ते दाबणाऱ्या गोळ्या द्यायच्या. तर्क सरळ होता. ज्यांना असे ठोके पडतात ते जास्त दगावतात, म्हणून ठोके थांबवा. गोळी दिली की ईसीजीच्या पट्टीवर ठोके खरोखर थांबलेले दिसायचे. डॉक्टरचं शिक्षण, तर्क आणि स्वतःचे डोळे, तिन्ही एकच सांगत होते.

मग अमेरिकेत कास्ट नावाची मोठी चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी पेशंटची वाटणी केली; काहींना एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड ही औषधं आणि बाकीच्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ जण दगावले होते. नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६.

हे आकडे एका डॉक्टरच्या खुर्चीत बसून बघा. शंभर पेशंटना औषध दिलं तर दहा महिन्यांत साधारण आठ जण जातात. दिलं नसतं तर तीन-चार गेले असते. पण अटॅक येऊन गेलेल्यांतले काही जण जातातच, हे सगळ्यांना माहीत आहे. आठातले नेमके कुठले चार औषधामुळे गेले, हे त्या खुर्चीतून कधीही दिसणार नाही. उरलेले ब्याण्णव तर दर महिन्याला ठणठणीत येऊन ईसीजी दाखवत असतात. हजारो पेशंट दोन गटांत वाटून मोजल्याशिवाय ही चूक पकडायला दुसरा मार्गच नव्हता. वर्षानुवर्षांचा प्रामाणिक अनुभव इथे उपयोगी पडला नाही, उलट त्याने चूक पक्की केली.

दुसरी गोष्ट वेळ लागण्याची. पोटातला अल्सर तिखटाने, चिंतेने, आम्लाने होतो असं आपण आजही म्हणतो. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरच्या मागे हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू आहे. कुणी ऐकेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये ते जिवाणू स्वतःच प्यायले आणि पोटाला सूज आणून दाखवली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ-परिषदेने अल्सरला अँटिबायोटिक द्या असं सांगितलं ते १९९४ साली. नोबेल मिळालं २००५ मध्ये. आता विचार करा, यातली ‘लागू झाल्याची तारीख’ कुठली? १९८२ मध्येच बदलणारा डॉक्टर उतावळा ठरला असता, १९९५ मध्येही न बदलणारा मागासलेला. मधली बारा वर्षं प्रत्येक डॉक्टरने आपल्या विवेकावर काढली. ताईला असा प्रश्न कधीच पडत नाही.

म्हणून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याचं मला फार आश्चर्य वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं. डॉक्टरांचा अनुभव आणि उपचारांचा दर्जा यांचं नातं तपासणारे ६२ अभ्यास त्यात एकत्र केले होते. निम्म्याहून थोड्या जास्त अभ्यासांत असं दिसलं की जसजशी प्रॅक्टिसची वर्षं वाढतात तसतसा अद्ययावत ज्ञानाचा किंवा उपचाराचा दर्जा घसरत जातो. यात हात, नजर, माणसाची पारख हे धरलेलं नाही; ते वयाने वाढतं, आणि मला स्वतःला आजारपणात पिकल्या केसांचाच डॉक्टर लागतो. महाराष्ट्रात नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी करताना ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. त्यासाठी डॉक्टर रविवारी सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या व्याख्यानांना, जाऊन बसतात. पण तिथे नवीन काय आलं हे सांगतात. जुनं काय सोडायचं हे सांगणारं भाषण आमच्या डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे दहात एखादं. नव्या औषधामागे ते विकणारी कंपनी असते. ‘हे आता देऊ नका’ असं सांगायला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, येत नाही.

भाच्याच्या वर्गातल्या दोघांना पायलट व्हायचंय. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली, त्याचा हा परिणाम असावा. पायलटचं शिक्षण कधीच संपत नाही. विमानमार्गांचे आणि विमानतळांचे नकाशे जगभर २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने बदलतात. दर सहा महिन्यांनी परीक्षा द्यावी लागते. सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पाडतात, आग लावतात आणि तुम्ही काय करता ते बघतात. ऐकून धडकी भरते. पण नीट पाहिलं तर या व्यवसायातली अद्ययावत राहण्याची जबाबदारी एकट्या माणसावर टाकलेलीच नाही. सिम्युलेटरचा खर्च कंपनी करते, तारीख कंपनी ठरवते आणि पास झाल्याशिवाय उडूच देत नाहीत. आठात चार कुठले गेले हे न कळण्याचा प्रश्न येत नाही, कारण चूक आधी खोट्या विमानात करून घेतात. डॉक्टरांसाठी असं काही उभं राहिलं तर किती बरं होईल.

बांधकामाबद्दल फार लिहीत नाही. भार, ताण, सळई यांचं गणित जुनंच आहे. काँक्रीटचं भारतीय मानक १९७८ नंतर बदललं ते २००० साली. ठाण्यातल्या आर्किटेक्ट मंडळींची झोप उडते ती नियमावलीने. २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली तेव्हा एफएसआयचे, म्हणजे किती जागेवर किती बांधता येईल याचे, हिशोब नव्याने मांडावे लागले. पण तिलाही तारीख होती.

राहिला तो व्यवसाय ज्याला कुणी या यादीत धरतच नाही. भाच्यालाही मी तिथे प्रत्यक्ष घेऊन गेलो, कारण माझ्या मोटरसायकलचा इंजिनातला बिघाड दाखवणारा पिवळा दिवा चार दिवस जाईना.

वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात हे गॅरेज आहे. मेकॅनिक पन्नाशीचे, तीस वर्षं याच धंद्यात. त्यांचं खरं शिक्षण कानाचं. गाडी चालू ठेवून कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या भागाचा, स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवायचा आणि इंजिनाचा सूर एकसारखा लागला की थांबायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली की टॅपेट वाजतोय की बेअरिंग, ते डोळे मिटून सांगणार. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्यांना धुराच्या प्रदूषणाचं बीएस-सहा मानक लागू झालं. बीएस-चारवरून मधली पायरी गाळून थेट सहा. लॉकडाऊनचा तो आठवा दिवस होता, गाळ्याला कुलूप. काही महिन्यांनी शटर उघडलं आणि हळूहळू ज्या गाड्या यायला लागल्या, त्यांतल्या बहुतेकांत कार्ब्युरेटरच नव्हता. त्या जागी इंजेक्टर. किती हवा येतेय, थ्रॉटल किती उघडलाय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे सेन्सर मोजतात आणि पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. फिरवायला स्क्रू नाही. टॅपेट अजून कानाने कळतो, मिश्रण आता कळत नाही.

साखरेचा डबा इथे नुसता हलला नाही, फळीच काढून नेली. आणि ताईसारखं राजपत्र, सीएसारखं पोर्टल, पायलटसारखी कंपनी यातलं यांच्यासाठी काहीच नाही. नव्या गाडीची सर्किटची चित्रं आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे सहज असतं, वागळे इस्टेटच्या गाळ्यात नसतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही धरली आहेत. ही माहिती मराठीत आणि फुकट मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे. आपल्या रोजच्या गाडीचे ब्रेक याच माणसांच्या हातात असतात.

त्या दिवशी त्यांनी खिशातून एक वही काढली. साधी, दोनशे पानी, कडा ऑइलने काळ्या झालेल्या. किल्ली फिरवली आणि भाच्याला म्हणाले, "दिवा बघ. मोज." दिवा लुकलुकला. एक लांब, आणखी एक लांब, मग एक आखूड. "लांब म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. किती झाले?" "एकवीस," भाचा म्हणाला. वहीत त्या कंपनीच्या पानावर एकवीससमोर लिहिलं होतं: ऑक्सिजन सेन्सर. दुसऱ्या कंपनीची भाषा दुसरी, तिचं पान वेगळं. हे कोड त्यांनी व्हिडिओ बघून, सर्व्हिस सेंटरमधल्या ओळखीच्या मुलांना विचारून, सहा वर्षांत एकेक करून उतरवले होते. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीवरच्या त्या सेन्सरची पिन काढली, ती हिरवी पडली होती. ब्रशने घासून परत बसवली, किल्ली फिरवली, दिवा विझला.

भाचा ती वही बराच वेळ चाळत होता. शेवटची काही पानं कोरी होती, वर नुसतं ‘इलेक्ट्रिक’ लिहिलेलं. त्याने विचारलं, "याचं काय?"

"दोन दिवसांचा क्लास आहे," ते म्हणाले. "फी भरली असती, पण दोन दिवस शटर बंद ठेवून भाडं कुठून काढू? म्हणून याला पाठवतोय." त्यांनी मागे टायर काढत बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराकडे बोट दाखवलं. "रात्री परत आला की तो सांगेल, मी लिहून घेईन."